गळतं एकीकडे, कुजतं दुसरीकडे

बर्फ वितळलं, ताडपत्र्या निघाल्या आणि पत्रं आली. दर एप्रिलला हेच होतं. या खेपेला घरांपेक्षा चाकांवरच्या घरांचेच, म्हणजे गाडीमागे ओढायच्या ट्रेलरांचेच, प्रश्न जास्त आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यातली प्रत्येक चूक मी स्वतः केलेली आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मूळचे इचलकरंजीचे, आता ओहायोत असतो. गेल्या ऑक्टोबरात १८०० डॉलरला १९७२ सालचा १६ फुटी ट्रेलर घेतला. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून लाकडी प्लाय. घेताना आत सगळं रंगवलेलं होतं. आता मागच्या खिडकीखालचा रंग फुगलाय, बोट दाबलं तर आत जातं आणि खाली कोपऱ्यात काळे डाग आहेत. शेजारी म्हणतो, वरून नवीन प्लाय ठोक आणि विसरून जा. ऑफिसातला मित्र म्हणतो, भंगारात काढ. मी म्हणतोय, एकदाच दोन-बाय-चार इंची जाड लाकूड आणि अर्ध्या इंचाचा प्लाय लावून भिंत भक्कम करावी. जूनमध्ये लेक सुपीरियरला जायचं ठरलंय. काय करू?

उत्तर : तिघांचंही ऐकू नका. त्या तिघांत तुम्हीही आलात.

कुजक्या भिंतीवर नवा प्लाय ठोकणं म्हणजे ओल्या अंगावर कोरडा सदरा चढवणं. आम्ही तो चढवला होता. २००९ साली मिशिगनमध्ये आम्ही ९०० डॉलरला १५ फुटी ट्रेलर घेतला, १९६९ चा. आमचे हे मेकॅनिकल इंजिनीअर. त्यामुळे सुतारकाम आपल्याला जन्मतःच येतं, असा त्यांचा समज. खिडकीखालचा दोन-बाय-तीन फुटांचा प्लाय कापला, नवीन बर्च प्लाय बसवला, वॉर्निश मारलं आणि खिडकीभोवती सिलिकॉनची नळी रिकामी केली. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी बशीएवढा डाग. खिडकीच चोर, असं धरून आणखी एक नळी. त्याच्या पुढच्या मे महिन्यात ताटाएवढा डाग.

शेवटी एका पावसाळी रात्री मी टॉर्च घेऊन त्या डागाखालीच झोपले. पहाटे दिसलं, की पाणी खिडकीतून येतच नव्हतं. छताच्या वाकवलेल्या रिपेच्या कडेने ते वरून ओघळत होतं आणि खिडकीचा कोपरा आला की तिथे थबकून प्लायमध्ये मुरत होतं. वर, डागापासून पाच फुटांवर, मागचा छोटा लाल दिवा. त्याच्या बुडाचं रबर वाळून बिस्किटासारखं झालेलं. त्या दिव्याने तीन वर्षं आम्हाला फसवलं.

खरं तर हे मला ठाऊक असायला हवं होतं. देवरुखच्या आमच्या कौलारू घरात स्वयंपाकघरात थेंब पडायला लागला की वडील त्या जागेवर फक्त पातेलं ठेवत. मग कोळसा घेऊन भर पावसात माळ्यावर चढत आणि वाशावरून पाणी जिथून जिथून ओघळतंय तिथे खुणा करत. फुटकं कौल सापडायचं ते चुलीवर नाही, देवघराच्या वर. आणि त्या घराला निदान भिंतीपुढे तीन-तीन फूट आलेल्या छपराच्या पागोळ्या तरी होत्या. भिंतीला झड लागू नये म्हणून पावसाआधी झावळ्यांची झापं बांधायचे ते वेगळंच. तुमच्या ट्रेलरला पागोळीच नाही. छताचा पत्रा वळून खाली येतो आणि भिंतीच्या पत्र्याला भेटतो. त्या सांध्यावर एक ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टीखाली फट बुजवायच्या लांबीचा (पुट्टीचा) एक दोरा आणि वरून स्क्रू. पन्नास वर्षांत लांबी वाळून तडकते, पोलादी स्क्रू गंजतात आणि शेजारचा ॲल्युमिनियमचा पत्रा भोकाभोवती पांढरा पडून खाल्ला जातो. त्यात आपल्याकडचा हिवाळा. फटीत शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि फट दर वर्षी थोडी मोठी होते.

म्हणून लाकडाला हात लावायच्या आधी गळती शोधा. दोन माणसं हवीत. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेर बागेचा पाइप धरायचा. जोराचा फवारा नको, आणि ते प्रेशर वॉशर तर मुळीच नको. त्याने चांगल्या सांध्यातही पाणी शिरतं. सुरुवात खालून करा. आधी खिडकीची खालची कड, दहा मिनिटं. मग बाजू, मग वरची कड, मग कोपऱ्याची पट्टी, मग दिवे, मग छतावरचं झाकण. वरून सुरू केलंत तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. आणखी एक युक्ती : खिडक्या-झाकणं बंद करून दारात पंखा आत वारा फेकेल असा लावा, कडेच्या फटी गोधडीने बुजवा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. जिथे बुडबुडे, तिथे फट. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसं.

आता कुजलंय किती, ते. डागावर जाऊ नका, टोच्या घ्या. स्क्रूड्रायव्हरही चालेल. दर चार इंचांवर टोचत जा. चांगलं लाकूड टोक अडवतं. कुजलेलं लाकूड भाकरीसारखं आत घेतं. बोटाने ठोकून पाहा, बद्द आवाज आला की तिथे प्लाय सुटलाय. दोन खिळ्यांचं ओल मोजायचं यंत्र वीस-तीस डॉलरला मिळतं, ते घ्याच. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी त्याला खात नाही. २८-३० टक्क्यांवर गेली की तिची मेजवानी सुरू. ‘ड्राय रॉट’ हा शब्द इथे सर्रास ऐकाल, पण कोरडं लाकूड कुजत नाही. ते ओलं असतानाच कुजलेलं असतं, तुम्ही ते वाळल्यावर पाहता एवढंच.

उघडायचं कुठून? बाहेरून. हे लोकांना उलटं वाटतं, कारण डाग आत दिसतो. पण हे ट्रेलर बांधताना आधी जमीन, मग कपाटं आणि पलंगाचे खोके, मग आतला प्लाय आणि त्याच्या पाठीवर ठोकलेल्या रिपांच्या भिंती, मग छप्पर, मग तारा आणि ग्लासवूल, आणि सगळ्यांत शेवटी बाहेरचा पत्रा. जे शेवटी लागलं ते आधी निघणार. आतून फोडत गेलात तर कपाटं काढावी लागतील, आणि ज्या भिंती मऊ झाल्यात त्यांना त्या क्षणी कपाटांनीच धरून ठेवलेलं असतं.

पत्रा काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवा, घराच्या विजेची वायर काढा, गॅसची टाकी बंद करून उतरवा. चाकांना अडण्या लावा, लोखंडी चासीखाली चार स्टँड द्या आणि ट्रेलर पाणसळीने सपाट करा. वाकड्या ट्रेलरवर दुरुस्त केलेली भिंत कायमची वाकडीच राहते. आमचं दार अजून वरच्या कोपऱ्यात घासतं. मग फोटो काढा. वाटतात त्याच्या तिप्पट काढा.

पट्टीचे स्क्रू काढताना तीनांतला एक तुटेल, तो तुटू दे. काही स्क्रू नुसते गरगर फिरतील, निघणार नाहीत आणि घट्टही होणार नाहीत. तिथे मागे लाकूड उरलेलं नाही हे समजा, पट्टीवर खूण करा. दिवे काढा, खिडकी चौकटीसकट काढा. आमच्या ट्रेलरचे पत्रे एकमेकांत अडकवलेले होते, वरचा पत्रा खालच्यावर. म्हणून वरून खाली उतरत आलो. प्रत्येक पत्र्यावर चिकटपट्टी लावून आकडा घाला आणि पत्रे उभे ठेवा, आडवे टाकून वर पाय देऊ नका. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, पोचा पडला की पडला.

उघडल्यावर घाबरायला होईल. ग्लासवूल काळं, रिपांच्या जागी कॉफीचा चोथा. उंदरांच्या लेंड्या असतील तर झाडू मारू नका. एक भाग ब्लीच नि नऊ भाग पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटं ओल्या होऊ द्या, मग हातमोजे घालून कागदाने उचला. या लेंड्यांच्या धुळीतून हंताव्हायरस पसरू शकतो. मास्क एन-९५ पाहिजे, ओढणी नाही. खाली जुन्या फरश्या चिकटवलेल्या असतील तर त्या फोडण्याआधी एक तुकडा ॲस्बेस्टॉसच्या तपासणीला पाठवा.

कुजलेल्या रिपा एकदम सगळ्या काढू नका. ही माझी विनंती नाही, ताकीद आहे. आधी प्रत्येकीचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, विशेषतः मागच्या कोपऱ्यातल्या गोलाईचा. छताला आतून एक टेकू द्या. मग एक रीप काढा, तिच्या जागी नवी बसवा, मग दुसरी. एकदा यांनी उत्साहात तीन एकत्र काढल्या आणि छप्पर पाऊण इंच खाली बसलं. ते परत वर घ्यायला गाडीचा जॅक आणि दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी फक्त मापांबद्दल बोललो.

रीप पूर्ण बदलायची गरज नेहमी नसते. कुजका भाग कापून चांगल्या लाकडात आणखी पाच-सहा इंच पुढे जा, तिथे अर्धा-अर्धा सांधा करा (दोन्ही तुकडे अर्ध्या जाडीचे कापून एकावर एक बसवायचे), पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद लावा आणि स्क्रू मारा. उरलेल्या जुन्या लाकडावर बोरेटचं द्रावण ब्रशने दोन हात. ते बुरशी आणि किडे दोघांनाही आवडत नाही.

आता तुमच्या दोन-बाय-चारबद्दल. जुनी रीप बहुधा पाऊण इंच जाड, दीड इंच रुंद असेल. दुकानात तिला ‘वन बाय टू’ म्हणतात आणि प्रत्यक्षात ती तेवढी नसते, हे अमेरिकेतलं एक जुनं दुखणं. तेवढ्याच मापाचं, सरळ रेषांचं, गाठी नसलेलं फर किंवा पाइन घ्या. जाड लाकूड घेतलंत तर खिडकीची चौकट बसणार नाही, पट्टी बसणार नाही. शिवाय अर्ध्या इंचाचा प्लाय हा मूळच्या एक अष्टमांश इंचाच्या प्लायच्या चौपट जड. ते सगळं वजन येणार कुठे? मागच्या भिंतीत. ट्रेलरच्या एकूण वजनातलं १० ते १५ टक्के पुढे हुकवर हवं. मागे भार वाढला की पुढचा कमी होतो आणि ६० मैलांच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. भक्कमपणा तिथे जाडीने येत नाही, प्लाय रिपेला चिकटवून पिना मारलेल्या असतात त्याने येतो.

आणि ते हिरवट, औषध मुरवलेलं अंगणातल्या डेकचं लाकूड चुकूनही वापरू नका. कुजणार नाही म्हणून मोह होतो. पण २००३ अखेर घरगुती लाकडातून आर्सेनिकचं औषध गेलं आणि त्याची जागा मुख्यतः तांब्याच्या क्षारांनी घेतली. असं लाकूड ओल मिळताच ॲल्युमिनियमला खातं. लाकूड टिकेल, पत्रा जाळी होईल.

बंद करायची घाई नको. ओल १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत पंखा लावून उघडं ठेवा. तोवर तारा तपासा. उंदरांनी कुरतडलेल्या आत्ताच बदला. मग फोमच्या पाट्या कापून बसवा, ग्लासवूल परत नको. पत्रे उलट्या क्रमाने. प्रत्येक पट्टीखाली, दिव्याखाली, खिडकीच्या कडेखाली ब्यूटिलची चिकट रबरी टेप, सलग, मध्ये न तोडता. स्क्रू स्टेनलेसचे, जुन्यापेक्षा एक नंबरने जाड. दोन-तीन उन्हाचे दिवस गेले की ते पुन्हा आवळा. टेप दबून बाहेर येते, ती प्लॅस्टिकच्या सुरीने कापा. सिलिकॉन नको. ते पत्रा हलला की कडेने सुटतं, आणि त्याचा ओशट थर राहिला की त्यावर पुढे काही चिकटत नाही. आमच्या दोन नळ्या खरवडायला मला एक आख्खा शनिवार लागला.

यानंतर दर वसंतात एकदा छतावर चढून सगळे सांधे बघायचे. माझ्या घरी याला मी शाकारणीच म्हणते.

जूनचं काय? नशीब असेल तर एका मागच्या भिंतीला चार-पाच शनिवार-रविवार. आमच्या भिंतीने मे ते सप्टेंबर घेतले. लाकूड, प्लाय, फोम, टेप, स्क्रू मिळून तेव्हा चारशे डॉलरच्या आत झालं. पत्रा जुनाच होता, आणि एका खिडकीची चौकट इंडियानातल्या एल्कहार्टला, उरलंसुरलं सामान विकणाऱ्या दुकानात मिळाली. त्या गावात ट्रेलरचे इतके कारखाने आहेत, की तिथली भंगारची दुकानंसुद्धा बघण्यासारखी. लेक सुपीरियर ऑगस्टमध्येही गारच असतो. जूनला तंबू घेऊन जा.

प्रश्न : आमचा ट्रेलर गळत नाही, पाण्याची चाचणी केली. तरी थंडीत सकाळी भिंती ओल्या, गादीखाली ओल. सिॲटलजवळ राहतो. हे काय?

उत्तर : ते तुम्हीच आहात. तुमचा श्वास, चहा आणि मुख्य म्हणजे गॅस. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं. उघड्या ज्योतीचा हीटर किंवा शेगडी असेल तर ते सगळं आतच राहतं आणि थंड भिंतीवर बसतं. शेगडीवर ट्रेलर गरम करू नका, ते ओलीपेक्षाही कार्बन मोनॉक्साइडसाठी. छताचं झाकण दोन बोटं उघडं ठेवा, एक खिडकी खालून किलकिली. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी टाका, हवा खेळली पाहिजे. उबेला थोडे मुकाल, रिपा वाचतील.

प्रश्न : २००६ चा, बाहेरून गुळगुळीत फायबरग्लासचा ट्रेलर स्वस्तात मिळतोय. एका बाजूला उशीएवढा फुगवटा आहे. विकणारा म्हणतो, उन्हाने झालंय. न्यू जर्सी.

उत्तर : घेऊ नका. ही भिंत वरच्या पत्रावाल्यांसारखी नसते. फायबरग्लास, पातळ प्लाय, फोम असे थर दाबून एकच पाटी केलेली असते. पाणी शिरलं की आतला पातळ प्लाय सुटतो आणि बाहेरचा थर फुगतो. भोकं पाडून गोंद सोडणं, मग फळ्या आवळून दाबणं असे उपाय लोक करतात; फुगवटा लहान आणि आतला प्लाय कोरडा, शाबूत असेल तर थोडे दिवस जमतंही. उशीएवढा म्हणजे प्लाय गेला. उन्हाने झालं म्हणणाऱ्याला दुसऱ्या बाजूला, जिथे रोज ऊन लागतं तिथे, फुगवटा का नाही ते विचारा.

प्रश्न : मी साताऱ्याहून मुलाकडे मिशिगनला आले आहे. त्याच्या जुन्या ट्रेलरमध्ये पलंगाखाली रोज सकाळी लाकडाच्या बारीक भुग्याची ढिगोळी सापडते. मी म्हणते वाळवी आहे. तो हसतो. कोण बरोबर?

उत्तर : हसण्यासारखं काही नाही, पण वाळवी बहुधा नसावी. इकडची वाळवी लाकूड खाते आणि मातीच्या नळ्या करून जाते, असा मोकळा भुगा बाहेर टाकत नाही. ही बहुधा इथली काळी मोठी मुंगी. तिला सुतार मुंगी म्हणतात. ती लाकूड खात नाही, पोखरून घर करते आणि केर बाहेर लोटते. भुग्यात मेलेल्या किड्यांचे पाय-पंख दिसतात का बघा. दिसले तर तीच.

फवारा मारून चार दिवस शांतता मिळेल, नंतर परत येतील. मुख्य घर करायला त्यांना ओलसर, मऊ झालेलं लाकूड लागतं, म्हणजे त्यांना तुमच्या मुलाच्या आधी गळती सापडलेली आहे. मुलाला सांगा, रात्री दहानंतर टॉर्चला लाल कागद बांधून बसायचं. लाल उजेड त्यांना फारसा कळत नाही. पलंगाच्या फळीवर मधाचा एक थेंब ठेवायचा. खाऊन परत निघालेली मुंगी ज्या फटीत शिरेल तिथे पेन्सिलने खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या फटीच्या बाहेरच्या बाजूचे स्क्रू फिरवून बघायचे. गरगर फिरले तर पत्रा तिथेच उघडा.